गागरोन राहिलं ना तुमचं!

आमच्या साडूंचं राजस्थान झालंय. केरळ झालंय, काश्मीर झालंय, ईशान्य भारत दोन हप्त्यांत झालाय. त्यामुळे कुणीही कुठूनही परत आलं की साडू चहाचा कप खाली ठेवतात आणि विचारतात, “ते पाहिलंत का?” ‘ते’ म्हणजे जे तुमचं राहिलेलं असतं नेमकं तेच. हे त्यांना कसं कळतं, देव जाणे.

तेव्हा नाताळच्या सुट्टीत आम्ही राजस्थानला निघालो ते पर्यटक म्हणून नव्हे, तोंडी परीक्षेचे उमेदवार म्हणून. काही सुटायला नको म्हणून ग्रुप टूर घेतली. ग्रुप टूरच्या कार्यक्रमपत्रिकेत स्थळांच्या तीन जाती असतात: आतून पाहणे, बाहेरून पाहणे आणि बसमधून पाहणे. तिसऱ्या जातीचं स्थळ कायम बसच्या पलीकडच्या बाजूला येतं. रोज सीट बदलायचा नियम असतो, पण स्थळंही बहुधा त्याच नियमाने बाजू बदलतात. जयपूरचा जलमहाल मी पलीकडच्या काकांच्या कानटोपीवर उरलेल्या जागेतून पाहिला. पाणी होतं, एवढं खात्रीने सांगू शकतो.

टूर मॅनेजर रोज रात्री जेवताना उद्याचा मंत्र द्यायचा: “सहा, सात, आठ!” सहाला उठणे, सातला नाश्ता, आठला बस. डिसेंबरातल्या राजस्थानात सहाला उठण्यासाठी रजपूत रक्तच लागतं. नाश्त्याला कांदेपोहे. जोधपूरलाही कांदेपोहे, जैसलमेरलाही कांदेपोहे. समोरच्या गाडीवर प्याज कचोरी तळली जात होती आणि आम्ही बसच्या काचेतून ती बघत होतो. म्हणजे कचोरीसुद्धा तिसऱ्या जातीतच गेली.

हवामहालाला आम्हाला दहा मिनिटं मिळाली. सवाई प्रतापसिंहांनी 1799 मध्ये बांधलेला पाच मजल्यांचा महाल आणि 953 खिडक्या. राणीवशातल्या बायकांना कुणाला न दिसता रस्त्यावरची गंमत बघता यावी, म्हणून हा सगळा खटाटोप. आज उलटं आहे. अख्खा रस्ता महालाकडे बघत उभा असतो आणि समोरच्या गच्चीवर फोटोसाठी रांग लागते. आत जायचं दार मागच्या बाजूला आहे, हे मला गाइडने सांगितलं, बस सुटल्यावर.

त्यानंतर रजईच्या दुकानात दीड तास. ते मात्र आतून. तिथल्या माणसाने अडीचशे ग्रॅम कापसाची रजई हवेत उडवून दाखवली, पिशवीत कोंबून दाखवली, माझ्या अंगावर टाकून दाखवली. दहा मिनिटांत त्याने मला ठिपक्यांचे बहात्तर प्रकार शिकवले. हवामहालाच्या एका खिडकीवर एवढा वेळ कुणी दिला असता, तर मी आज त्यावर व्याख्यान देऊ शकलो असतो. रजई आम्ही घेतली, हे सांगायला नकोच. मुंबईत ती पांघरायची कधी, हा प्रश्न सौभाग्यवतीने दुकानात विचारू दिला नाही.

जंतरमंतरला मात्र मजा आली. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात उभारलेली ही वेधशाळा, आणि त्यातलं सम्राट यंत्र सत्तावीस मीटर उंच. एवढं मोठं, की त्याची सावली सरकताना डोळ्यांना दिसते आणि वेळ दोन सेकंदांपर्यंत मोजता येते. अशा घड्याळासमोर उभा राहून मॅनेजर ओरडला, “चला, बाराला बस!” कानटोपीवाले काका निवृत्त गणित शिक्षक. त्यांनी सावलीकडे पाहिलं, पाटीवरचं गणित केलं आणि शांतपणे म्हणाले, “ही जयपूरची सूर्यवेळ. आपली प्रमाणवेळ पूर्वेकडची. ह्या हिशोबाने बारा वाजायला अजून पंचवीस-सव्वीस मिनिटं आहेत.” काका बरोबर होते. मॅनेजरने शिट्टी वाजवली. शिट्टीला रेखांश नसतात.

सिटी पॅलेसमध्ये चांदीचे दोन अवाढव्य कलश आहेत. प्रत्येकाचं वजन तीनशे किलोंच्या वर. 1902 मध्ये सवाई माधोसिंह इंग्लंडला राज्याभिषेकाला निघाले, तेव्हा विलायतेचं पाणी प्यावं लागू नये म्हणून असल्या कलशांतून गंगाजल घेऊन गेले. परदेशी लोक बघून थक्क होत होते. आमच्या गटातल्या काकू अजिबात झाल्या नाहीत. त्यांच्या बॅगेत मेतकूट, लसणीची चटणी, भाजणी आणि लिंबाचं लोणचं होतं. “शहाणा राजा,” एवढंच म्हणाल्या.

जैसलमेर झालं. 1156 चा किल्ला, पिवळ्या दगडाचा, आणि आत आजही लोक राहतात. एका घराच्या ओट्यावर आजीबाई मटार सोलत होत्या. आमच्यापैकी चौदा जणांनी त्यांचा फोटो काढला. आपल्या चाळीत उद्या बस थांबली तर काय होईल, हे मनात येऊन मी मोबाइल खिशात ठेवला. सामच्या वाळूत सूर्यास्त होता. पण तेव्हा मी उंटावर होतो आणि उंट उठायला लागला की माणूस सूर्याकडे बघत नाही, तोंडाने रामरक्षा म्हणत खोगीर धरतो.

रणकपूरला ‘सहा-सात-आठ’चं पुण्य फळाला आलं. धापा टाकत साडेदहाला पोचलो, तर पर्यटकांना मंदिर दुपारी बारानंतर. सकाळ पूजेची. दीड तास आम्ही बाहेर भेंड्या खेळलो. आत गेल्यावर मात्र गप्प झालो. 1444 खांब, संगमरवरी, आणि एकासारखा दुसरा नाही. काकांनी मोजायला सुरुवात केली. दोनशेच्या आसपास शिट्टी झाली.

चित्तोडला विजयस्तंभ, राणा कुंभाचा, नऊ मजली. कुंभलगडला छत्तीस किलोमीटरची तटबंदी; ती पाहून सौभाग्यवती म्हणाली, “ही बसमधूनच बरी.” उदयपूरला पिछोला तलावात नाव. सगळं झालं, सगळ्याचे फोटो झाले. आता साडूंनी विचारून बघावंच, अशा तोऱ्यात आम्ही परतलो.

रविवारी साडूंकडे गेलो. बाकरवडी आली, चहा आला. मी आपणहून बोलत सुटलो. आमेर, मेहरानगड, पटव्यांची हवेली, सहेलियोंकी बाडी. साडू मान डोलावत होते. मग त्यांनी कप खाली ठेवला.

“राजस्थानातले सहा डोंगरी किल्ले जागतिक वारसा आहेत. 2013 पासून. तुमचे चार झाले. रणथंबोर वाघांमुळे समजू शकतो. पण गागरोन? तिन्ही बाजूंनी पाणी, नद्यांच्या संगमावर! गागरोन राहिलं ना तुमचं!”

“राहिलं,” मी म्हणालो.

“अरेरे,” साडू म्हणाले आणि समाधानाने बाकरवडी उचलली. 2025 मध्ये आपल्या महाराष्ट्रातले अकरा किल्ले त्याच यादीत गेले, त्यातला लोहगड साडूंच्या घरापासून तासा-दीड तासावर आहे आणि तो त्यांनी द्रुतगती मार्गावरून जाता-येता पाहिलाय, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण बायकोच्या बहिणीचं घर.

तेवढ्यात सौभाग्यवती अगदी सहज म्हणाली, “भावोजी, तुमची छोट्या ठकुराणीची बावडी झाली होती का हो? रणकपूरच्या वाटेवर, पालीच्या पुढे डावीकडे. आम्हाला तर फारच आवडली.”

मी तिच्याकडे पाहिलं. पालीच्या पुढे डावीकडे आम्ही फक्त पंक्चर काढलं होतं.

साडू क्षणभर थांबले. बाकरवडी हातातच राहिली.

“झाली की,” ते म्हणाले. “पण आम्ही गेलो तेव्हा पाणी फार खाली गेलं होतं. तुम्हाला पायऱ्या सगळ्या नसतील दिसल्या.”

“फोटो आहेत आमच्याकडे,” आतून मेव्हणी म्हणाली.