गोंयच्या सायबाची रांग

एखादी गोष्ट हुकली की तिच्यापेक्षा लोकांचं सांत्वनच जास्त छळतं. "जाऊ दे गं, पुढच्या वेळी जा!" हे लग्नाच्या जेवणाबद्दल ठीक आहे. पण जुन्या गोव्यातलं संत फ्रान्सिस झेवियरचं, म्हणजे गोंयच्या सायबाचं, शवदर्शन दहा वर्षांतून एकदा येतं. मागचं 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 असं झालं. पुढची वेळ म्हणजे 2034 उजाडणार. तोवर माझे गुडघे कोणत्या अवस्थेत असतील, ते त्या सायबालाच ठाऊक.

आमची निम्मी वसई गेली. कुणी बसने, कुणी रेल्वेने करमळीला उतरून. मी घरी, कारण सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नेमकं त्याच आठवड्यात निघालं. डाव्या हाताने त्यांची पापणी खाली ओढायची, उजव्या हातातली बाटली दाबायची, थेंब डोळ्यात पडायच्या ऐन क्षणी ओट्यावरचा मोबाइल 'टुंग' करायचा, माझा हात हलायचा आणि थेंब गालावर. सासूबाई म्हणायच्या, "डोळा वर आहे गं."

तो 'टुंग' धाकट्या जावेचा. पनवेल सोडलं, फोटो. माणगावला वडापाव, फोटो. रांगेत उभ्या, फोटो. रांग पुढे सरकली, त्याचाही फोटो! संध्याकाळी रोझरीला बसले की ओठांवर 'नमो मरिये' आणि नजर टीपॉयवरच्या फोनवर. 'प्रभू, मला शांती दे' असं कळवळून म्हणायचे आणि 'आमेन'च्या आधी तिचं स्टेटस उघडायचे. इतक्या नेमाने मी उपास केले असते तर एव्हाना माझ्याही दर्शनाला रांग लागली असती.

शेवटी सासूबाईच कंटाळल्या. "तो फोन ठेव आणि मला सायबाचं चरित्र वाचून दाखव. मला कुठे वाचता येतंय." कपाटातली जुनी पुस्तिका काढली. सायब आमच्या वसईलाही येऊन गेलेला, त्यामुळे सासूबाई त्याच्याबद्दल माहेरच्या माणसासारखं बोलतात. वाचत वाचत शेवटाला आले. माणसाला चीनला जायचं होतं. किनाऱ्याजवळच्या सांचियन बेटावर येऊन थांबला. आत जायला परदेशी माणसाला बंदी. एक व्यापारी मिरीच्या बदल्यात चोरून पोचवायला कबूल झाला. सायब वाट बघत राहिला, व्यापारी काही फिरकला नाही. 3 डिसेंबर 1552 रोजी, वयाच्या 46व्या वर्षी, सायब तिथेच तापाने गेला. चीन अगदी समोर.

सासूबाई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्याचीपण बस चुकली."

मला जे हसू फुटलं, ते आवरेना. ज्याची होडीच आली नाही, त्याला बघायची रांग हुकली म्हणून मी उशी भिजवत होते!

मग येशूचा शिष्य थोमा आठवला. पुनरुत्थानाच्या संध्याकाळी प्रभू शिष्यांना भेटला, तेव्हा हा पठ्ठ्या नेमका बाहेर. पुढचे आठ दिवस बाकीच्यांचं "आम्ही प्रभूला पाहिले आहे" ऐकायचं. आपण त्याला संशयी म्हणून मोकळे होतो. माझं मत विचाराल तर बिचारा नुसता धुमसत होता. पण प्रभूने त्याला 'पुढच्या वेळी ये' म्हणून वाटेला लावलं नाही. दारं बंद असताना पुन्हा आला, "तुम्हांस शांती असो" म्हणाला आणि सरळ थोमाकडे वळला. एका गैरहजर माणसासाठी दुसरी खेप! वसईच्या बंद दारांवर त्याला कितीसा वेळ लागणार? त्या रात्री फोन शेजारच्या खोलीत ठेवून झोपले, आणि थेंबसुद्धा पहिल्या झटक्यात डोळ्यात पडला.

जाऊ परतली ती थेट आमच्याकडेच. मी विचारलं, "कसं झालं दर्शन?"

ती इकडेतिकडे बघत म्हणाली, "वहिनी, कुणाला सांगू नका. काचेच्या पेटीपाशी पोचले आणि पोराचा हात सुटला. त्याला शोधायला मागे वळले, तोवर स्वयंसेवकांनी 'चला, चला' करून पुढे काढलं. बघायचं राहूनच गेलं."

मी तिला चहा टाकला. थोमाची गोष्ट सांगायला तोंड उघडणार, इतक्यात काळ्या चष्म्याआडून सासूबाईंनी तिच्या पिशवीतला गोव्याच्या बेबिंका केकचा डबा बरोबर हेरला.