नियंत्रण बाटलीतली अर्धी नोंद

‘गोवराचा विषाणू अस्तित्वातच नाही; न लागण केलेल्या पेशीही तशाच बिघडल्याची कबुली एंडर्स यांनी १९५४ मध्येच दिली होती; बाटलीतल्या पेशी प्रतिजैविकांनी आणि उपासमारीने मरतात; तेव्हा गोवरानंतर काही वर्षांनी मेंदूला होणारा एसएसपीई हा आजार या विषाणूवर ढकलणे ही थाप आहे,’ असा मजकूर समाजमाध्यमांवर फिरत असतो.

कबुलीचा मुद्दा साफ खोटा नाही, अर्धा आहे. माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींच्या, काहीही न घालता तुलनेसाठी ठेवलेल्या एका संवर्धात (बाटलीत वाढवलेल्या पेशींत), म्हणजेच नियंत्रणात, गोवराचा विषाणू पेशींत वाढवणारे शास्त्रज्ञ जॉन एंडर्स आणि थॉमस पीबल्स यांना पेशी बिघडवणारा दुसराच एक घटक आढळला, आणि न रंगवलेल्या पेशींत त्याचा परिणाम गोवराच्या परिणामापासून खात्रीने वेगळा ओळखता येत नाही, असे त्यांनी नोंदवले. मात्र पेशी रंगवल्या की फरक सहज कळतो, कारण गोवराच्या लागणीत केंद्रकात होणारे विशिष्ट बदल तिथे नसतात, हेही त्यांनी तिथेच लिहिले आहे. मजकुरातून नेमके तेच गळते. ‘नियंत्रण ठेवलेच नव्हते’ म्हणणारे त्याच नियंत्रणातली नोंद पुरावा म्हणून नाचवतात, ही गंमत वेगळीच.

उपाशी पेशी आक्रसते आणि तळापासून सुटते. गोवराच्या लागणीत शेजारच्या पेशी एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांची महापेशी तयार होते. बऱ्या झालेल्या रुग्णाचे सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) आधी मिसळले तर हा बिघाड थांबतो, प्रतिजैविक तेच आणि तेवढेच असले तरी.

राहिला मेंदू. एसएसपीईच्या रुग्णाच्या मेंदूतील पेशी नुसत्या वाढवल्या तर मोकळा विषाणू बहुधा हाती लागत नाही, यावरून तो नाहीच असे ठरवले जाते. पण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अशा मेंदूपेशींच्या केंद्रकांत विषाणूच्या नळीसारख्या गाभ्यांचे पुंजके १९६५ मध्येच दिसले होते, आणि १९६९ मध्ये मेंदूतील पेशी लागण सहज होणाऱ्या दुसऱ्या पेशींसोबत वाढवल्यावर विषाणू वेगळाही करता आला. आधी तो का मिळत नव्हता, याचे कारण त्याच्या एम प्रथिनात सापडते. पेशीच्या पटलाशी नवे कण जुळवणारे हे प्रथिन मेंदूत टिकून राहिलेल्या विषाणूत बदललेले किंवा जवळजवळ नसलेलेच असते, त्यामुळे कण बाहेर पडत नाहीत आणि गाभे आतच साचतात.

मूत्रपिंडाच्या पेशींवरून एसएसपीई झालेल्या मुलाची स्मृती कशी जाते हे कळत नाही, हा आक्षेप मात्र मान्य करावा लागतो.