पुण्याचं पाणी आहे, काही होत नाही

आज सकाळी बागेतल्या योगाच्या ग्रुपमध्ये माझा आवाज चढला. काही जणांना ते आवडलं नाही, दोघांनी तसे मेसेजही केले. करू देत.

झालं असं, की प्राणायाम संपल्यावर आमच्यातले एक ज्येष्ठ काका नव्या मंडळींना जलनेती, म्हणजे एका नाकपुडीतून पाणी घालून दुसरीतून काढायचं, ते समजावून सांगत होते. पिशवीतून नेतीपात्र काढलं, मीठ किती, मान किती कलती ठेवायची, सगळं प्रेमाने सांगितलं. एका ताईंनी विचारलं, "काका, पाणी उकळून घ्यायचं का?" तर म्हणाले, "छे हो, गीझरचं कोमट घ्या. पुण्याचं पाणी आहे, काही होत नाही."

हेच वाक्य. शब्दाला शब्द हेच.

चार वर्षांपूर्वी मी माझ्या भाचीला हेच म्हणालो होतो. ताईची मुलगी, कॉलेजसाठी आमच्याकडे कोथरूडला राहायची. रात्री साडेदहाला बेसिनपाशी कॉन्टॅक्ट लेन्स काढत होती आणि त्या ठेवायच्या सोल्युशनची बाटली संपलेली. "मामा, मेडिकल उघडं असेल का रे?" उघडं होतं, मला माहीत होतं. जिना उतरायचा कंटाळा आला. म्हटलं, "नळाखाली धर डबी, पुण्याचं पाणी आहे." तिने डबी नळाखाली धरली, दोन्ही झाकणं घट्ट लावली आणि झोपायला गेली.

त्या पाण्यात अकॅन्थामीबा नावाचा अमीबा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा एकपेशीय जीव, असू शकतो. माती, तळी, नळ, गच्चीवरची टाकी, कुठेही तो आपला आपला राहतो, जगायला त्याला माणूस लागत नाही. परिस्थिती बिघडली की स्वतःभोवती दुहेरी कवच करून बसतो आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनला दाद देत नाही. लेन्सवर चिकटला, की लेन्सबरोबर थेट बुबुळावर.

महिन्याभराने तिचा डावा डोळा लाल झाला. आधी विषाणूचा संसर्ग म्हणून औषध चाललं. हा आजार हर्पीस विषाणूच्या संसर्गासारखा दिसतो, त्यामुळे बऱ्याच जणांच्या बाबतीत असंच होतं. पण दुखणं डोळ्यात दिसत होतं त्याच्या कितीतरी पट होतं. खिडकीला आम्ही चादरी बांधल्या होत्या. फ्रिज उघडला की आतल्या दिव्यानेसुद्धा ती कळवळायची. निदान झाल्यावर दर तासाला थेंब, दिवसा आणि रात्रीही. दोनचा गजर, तीनचा गजर, चारचा गजर. मी थेंब घालायचो आणि ती उशीचं टोक दातात धरून पडून राहायची.

आणि लोक मला सांगतात, "एवढं चिडण्यासारखं काय होतं?"

नाकाचं तर याहून भयंकर आहे. नेग्लेरिया फाउलेरी हा दुसरा अमीबा, त्याला कोमट पाणी मानवतं. नाकात वर चढलं, की वासाच्या मज्जातंतूवरून मेंदूत. शंभरातले सत्त्याण्णवहून जास्त जातात, बहुतेक जण पहिल्या लक्षणानंतर आठवड्याभरातच. 2025 मध्ये केरळातल्या बातम्या आल्या तेव्हा आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर 'मेंदू खाणारा अमीबा' म्हणून किती फॉरवर्ड फिरले! मुलांचं पोहणं बंद केलंत. आणि स्वतः रोज सकाळी गीझरचं पाणी नाकात घालताय? अमेरिकेत लुइझियानात 2011 मध्ये दोन माणसं नेतीपात्रात घरच्या नळाचं पाणी वापरल्यामुळेच गेली. तलावात उतरलेलीसुद्धा नव्हती.

हो, दुर्मीळ आहे. लाखो लोक लेन्स लावतात, पिढ्यान्‌पिढ्या नेती करतात आणि त्यांना काही होत नाही, मान्य. ते पाणी प्यायलंत तरी या अमीबांचं पोटात काही चालत नाही. पण पिण्याचं पाणी वेगळं आणि नाकाडोळ्यात घालायचं वेगळं, एवढंच तर सांगतोय! आणि पुण्याच्या पाण्याचा अभिमान मला सांगू नका. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रोडच्या बाजूला जीबीएसने, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराने, माणसं व्हेंटिलेटरवर गेली, तेव्हा आपण सगळेच पिंपं उकळत होतो. वर्षभरात विसरलो?

नेती सोडा असं मी म्हणत नाही. पाणी खळखळून उकळा, झाकून कोमट होऊ द्या, मग मीठ घाला. पात्रही त्याच पाण्याने धुवा. लेन्सला मात्र उकळलेलंही नाही, फक्त सोल्युशन. हात कोरडे करून लेन्सला लावा, आंघोळीला आणि पोहायला लेन्स काढा. डोळा दुखला तर डॉक्टरांना आधी सांगा की तुम्ही लेन्स वापरता.

आता जरा शांत झालोय. काकांवर मी ओरडायला नको होतं. गुडघेदुखीत मला रोज घरी येऊन आसनं शिकवणारा माणूस आहे तो. दुपारी फोन केला, भाचीचं सगळं सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "उकळून किती वेळ ठेवायचं रे?"

केरळातला एक चौदा वर्षांचा मुलगा 2024 मध्ये या मेंदूच्या आजारातून वाचला. त्याच्या वडिलांनी सोशल मीडियावर या आजाराबद्दल वाचलं होतं, म्हणून मुलाला झटके येताच त्यांना संशय आला. म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

भाचीला नेत्रपेढीतून कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, मिळाला. कुणाच्या घरच्यांनी त्या दुःखात सही केली असेल, माहीत नाही. आता तिला त्या डोळ्याने मोठी अक्षरं दिसतात. चष्मा लावते. रविवारी येते, जेवते, हात धुवायला त्याच बेसिनपाशी उभी राहते. ते वाक्य मी म्हणालो होतो हे तिला आठवतं का, मी अजून विचारलेलं नाही.