शे-सव्वाशे डोक्यांसाठी एसटी कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सातारा जिल्ह्यात कोयना जलाशयाच्या पलीकडे असलेल्या कांदाटी खोऱ्यावरच्या लेखाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा लांबतंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जनगणनेत शे-सव्वाशे डोकी दिसणाऱ्या गावांसाठी घाटातून एसटी चालवणं म्हणजे करदात्यांच्या पैशाचा चुराडा. जलाशय ओलांडून तापोळ्याला नेणारी लाँच आहे, जीप आहेत, तेवढं पुरे.

जनगणनेचा आकडा मला मान्य आहे. पण तो गावात राहणाऱ्यांचा आहे, प्रवाशांचा नाही. मुंबईतला चाकरमानी मुंबईतच मोजला जातो, आणि रीतसरच. तोच शिमग्याला, गणपतीला, मे महिन्यात त्या गाडीत असतो. घाटाखालच्या रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 2001 ला 16,96,777 होती, 2011 ला ती 16,15,069 वर आली. म्हणून गणपतीच्या गाड्यांत जागा मिळायला लागली असं कोणी म्हणेल का?

तुम्ही लिहिता, ‘लोक असते तर सरकारनं रस्ता केलाच असता.’ इथं मात्र जरा थांबू. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना 2000 साली आली तेव्हा सपाटीवरच्या वस्तीला 500 लोकसंख्येची अट होती. डोंगराळ राज्यं, वाळवंट आणि राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी भागांना (अनुसूचित क्षेत्रांना) 250 ची सवलत मिळाली. महाराष्ट्र काही डोंगराळ राज्यांच्या यादीत नाही, आणि सातारा जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र नाही. त्यामुळे सह्याद्रीच्या ऐन माथ्याला चिकटलेल्या वस्तीला तोच 500 चा निकष, जो फलटणच्या माळावरच्या वस्तीला. डोंगरात शेतीलायक तुकडे विखुरलेले, म्हणून वस्त्याही विखुरलेल्या. 500 माणसं एका ठिकाणी आणायची कुठून? रस्ता नाही म्हणून पोरं मुंबईला जातात, पुढच्या मोजणीत आकडा आणखी उतरतो, आणि निकष आणखी लांब जातो.

ही गावं अशी कोपऱ्यात पडली तीही आपल्यामुळेच. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय 1960 च्या दशकात भरला, नदीकाठची जमीन आणि जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या. उचाट, लामज, आकल्पे, शिंदी ही महाबळेश्वर तालुक्यातली गावं. पण तालुक्याला जायचं तर आधी पाणी ओलांडून तापोळं, मग पंचवीसेक किलोमीटर चढ. रस्त्यानं येणारी एसटी मात्र दुसऱ्या जिल्ह्यातून, रत्नागिरीतल्या खेडहून येते, खोपीवरून रघुवीर घाट चढून. पावसाळ्यात दरड कोसळली की तीही बंद. करदात्यांच्या पैशाचा हिशोब मांडताना कोयनेच्या विजेची बाजूही मांडा. ती वीज तुम्ही-आम्ही जाळतो.

लाँचचं म्हणाल तर ती दिवसाउजेडीची सोय. रात्री कोणाला साप चावला तर काय करायचं? उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की उतारूंना चिखल तुडवत काठ गाठावा लागतो. आजारी माणसाला तिथून खांद्यावर घेऊन जातात.

भारमान कमी, म्हणजे गाडीतल्या फार थोड्या जागा भरतात, हा तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा. आहेच कमी. पण ज्या गाडीनं तालुक्याचं काम होत नाही, जी गाडी पावसाळ्यात येईल की नाही याचा भरवसा नाही, तिच्यासाठी कोण थांबेल? लोक वडाप, म्हणजे खासगी जीप धरतात, आणि मग आगाराच्या कागदावर या मार्गाला प्रवासीच नाहीत असं दिसतं. फेरी कमी केली की भारमान सुधारत नाही, उरलेला प्रवासीही जातो.

राहता राहिली तुमची ‘जीपवर सोडून द्या’ ही सूचना. ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्यांना एसटी मोफत आहे, मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. खोऱ्यात वर्षभर मागे राहतात ती मुख्यतः हीच माणसं. मुंबई-पुण्यातल्या बाईला मिळणारी सवलत उचाटच्या म्हातारीला मिळत नाही. ती वडापवाल्याला पुरं भाडं मोजते.