मुदा, मुद्दा आणि माझा इनबॉक्स

एचआरचा मेल आला की पोटात गोळा येतोच, त्यात सब्जेक्टमध्ये 'कम्पल्सरी' लिहिलेलं असेल तर विचारूच नका. दोन दिवसांचं ट्रेनिंग, ऑपरेशन्स मॅनेजमेंट, सगळ्या मॅनेजर लोकांसाठी, आणि तेही नेमकं महिनाअखेरीला, म्हणजे ज्या दोन दिवसांत खरंखुरं ऑपरेशन सांभाळायचं असतं तेव्हाच. बारा वर्षं मी दुसरं काय करतेय म्हणलं, पण सांगणार कोणाला, जे ऐकून घेतील त्यांचीही नावं त्याच यादीत.

नऊची वेळ होती. साडेनऊपर्यंत प्रोजेक्टर 'नो सिग्नल' दाखवत बसला, मग आयटीवाल्याने येऊन वायर काढली, तीच परत लावली आणि तो चालू झाला, मग मोठ्या साहेबांची वाट बघितली कारण ते दोन शब्द बोलणार होते, ते आले, वेळेच्या महत्त्वावर वीस मिनिटं बोलले आणि मीटिंगला उशीर होतोय म्हणून निघून गेले. साडेदहाला ट्रेनर सरांची पहिली स्लाइड. कामात जे जे फुकट जातं त्याला जपानीत म्हणतात मुदा, टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी त्याचे सात प्रकार पाडले आणि त्यातला एक म्हणजे, सर म्हणाले, नुसतं वाट बघत बसणं. मला खोकल्याचं नाटक करावं लागलं.

शेजारी अकाउंट्सचे साहेब मान खाली घालून भराभर लिहीत होते. सहज डोकावले तर 'मुद्दा क्र. 1: जास्तीचा साठा. मुद्दा क्र. 2: उगाचची ने-आण.' सातही मुद्दे सुवाच्य अक्षरात. मी सांगणार होते, पण तेवढ्यात टी ब्रेक झाला आणि ते थेट सरांना गाठून म्हणाले, "सर, मुद्दे सगळे पटले, आता हे आपल्या डिपार्टमेंटमध्ये राबवायला सुरुवात कुठून करायची?"

दुपारी बिअर गेम. नाव ऐकून स्टोअरवाले सावरून बसले, पण निघाल्या प्लास्टिकच्या चकत्या. हा खेळ 1960च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीत निघाला म्हणे. रिटेलर, होलसेलर, डिस्ट्रिब्युटर, फॅक्टरी अशी चार जणांची साखळी, एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त चिठ्ठीवर ऑर्डर लिहून पुढे सरकवायची, चिठ्ठी पोचायला दोन आठवडे आणि माल यायला आणखी दोन. माल पडून राहिला तर दंड, वेळेवर देता आला नाही तर दुप्पट दंड. मी डिस्ट्रिब्युटर. सोपं वाटलं. चार पेट्या, चार पेट्या, परत चार, मग होलसेलरकडून एकदम दहाची चिठ्ठी आली, पुढच्या आठवड्यात अठराची, माझ्याकडे माल संपलेला, म्हणून मी असूदे म्हणून तीस मागवल्या, त्या येईनात म्हणून आणखी चाळीस. फॅक्टरीला बसलेल्या स्टोअरवाल्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या घरावर ट्रक घालतेय. आणि मग सगळं एकदम आलं. तीसही आले, चाळीसही आले, आणि होलसेलरची चिठ्ठी काय तर शून्य. परत शून्य. टेबलावर चकत्यांचा ढीग आणि मी मनातल्या मनात होलसेलरच्या सात पिढ्या उद्धारतेय, कारण हा माणूस ऑफिसमध्येपण असाच वागतो (प्लॅनिंगला आहे).

शेवटी सरांनी गिऱ्हाइकाच्या मागणीची पानं उघडली. पहिले चार आठवडे चार पेट्या, त्यानंतर शेवटपर्यंत दर आठवड्याला आठ. बस. चारचे आठ, एकदाच. बाकी सगळा पूर आम्हीच आणलेला, प्रत्येकाने आपापल्या परीने थोडं जास्तीचं मागवून. याला बुलव्हिप म्हणतात, चाबकाची मूठ जराशी हलते आणि टोकाला फटका बसतो. प्लॅनिंगवाला आणि मी एकमेकांकडे न बघता चकत्या गोळा केल्या.

दुसऱ्या दिवशी 'पाच वेळा का'. तीही टोयोटाचीच पद्धत, का का विचारत मुळापर्यंत जायचं. सर म्हणाले खरा प्रॉब्लेम द्या, आणि परचेसचा तो उत्साही पोरगा उभा राहिला. मशीनचा पार्ट उशिरा आला. का? ऑर्डर उशिरा गेली. का? पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, अडकली होती. का? सही नव्हती. "कोणाची?" मागून कोणीतरी विचारलं. सरांनी लगेच हात वर केला, 'कोणाची' विचारायचं नाही, दोष माणसाला नाही, प्रोसेसला द्यायचा. पण तोवर अख्खी रूम प्रोसेसकडे, म्हणजे माझ्याकडे, बघत होती.

सरांना तर हुरूपच आला. मॅडम, तुमच्याकडे अप्रूव्हलला किती पेंडिंग असतील? म्हणलं 240 एक असतील. दिवसाला किती क्लिअर होतात? 40, तेवढीच रोज नवीन येतात. मग लिटल्स लॉ. जॉन लिटल नावाच्या माणसाने 1961 मध्ये सिद्ध करून ठेवलंय, रांगेत किती आहेत भागिले रोज किती सुटतात, म्हणजे एकेकाला सरासरी किती दिवस लागतात. 240 भागिले 40, सहा दिवस. बोर्डावर सहाला गोल केला, दोनदा गिरवला. बारीकसारीक खरेदीला तुमची सही कशाला लागते हेही विचारलं, त्यावर मी कंट्रोल, ऑडिट, पॉलिसी असे तीन शब्द लागोपाठ टाकले, आणि अकाउंट्सच्या साहेबांनी तेही मुद्दे म्हणून उतरवून घेतले.

संध्याकाळी फीडबॅक फॉर्ममध्ये सगळीकडे 'एक्सलंट' टिक केलं आणि डेस्कवर आले. दोन दिवस मी नव्हते, त्यामुळे रोजचे 40 प्रमाणे 80 वाढून पेंडिंग 320. सगळ्यात नवीन मेल एचआरचा, 'अर्जंट': ट्रेनर सरांचं बिल, माझ्या अप्रूव्हलसाठी. रांगेत सगळ्यात शेवटचं. 320 भागिले 40.

आठ दिवस लागतील सर, तुमच्याच हिशोबाने.