मामाचा फ्रीज आणि अभय योजना

आज बाबांना घेऊन पाणीपट्टी भरायला गेलो होतो. ऑनलाइन भरतो म्हटलं तर त्यांना चालत नाही, शिक्का मारलेली पावती हातात पडल्याशिवाय पैसे भरले असं त्यांना वाटतच नाही. तर आमच्या खिडकीवर सर्व्हर डाऊन, पंखा बंद, रांग जिन्यापर्यंत. आणि बाहेर आवारात मांडव! लाल गालिचा, खुर्च्यांना पांढरी कव्हरं, थंड पाण्याचा जार. मला वाटलं कुणी मंत्रीबिंत्री येणार. मग बॅनर वाचला. 'अभय योजना. थकीत मिळकतकराच्या शास्तीत 75 टक्के सवलत.' शास्ती म्हणजे कर उशिरा भरल्याचा दंड.

आमच्या डोळ्यांदेखत एका गृहस्थांनी चेक दिला. आठ वर्षांची थकबाकी. त्यांना गुलाबाचं फूल दिलं, फोटो काढला. बाबा बराच वेळ बघत होते. मग मला म्हणाले, "आपल्याला कधी दिलंय का रे फूल?" विनोद नव्हता तो. खरंच आठवत होते.

माझे बाबा जकात नाक्यावर, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावर महापालिका कर घ्यायची तिथे, कारकून होते हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. मामाच्या फ्रीजची गोष्ट मात्र सगळ्यांना माहीत नसेल.

साल 1991. मामाने मुंबईहून नवा फ्रीज घेतला आणि ओळखीच्या टेम्पोत टाकून आणला. नाक्यावर नेमके बाबा रात्रपाळीला. मामा खुशीत, दाजीच आहेत म्हणून. दाजींनी बिल मागितलं, कार्बन घातला आणि पावती फाडली. 180 रुपये. सख्ख्या मेव्हण्याकडून, मध्यरात्री, मागे चार ट्रकवाले बघतायत. आई दोन दिवस बाबांशी बोलली नाही. मामा तर त्या दिवाळीला आलाच नाही.

जकात नाक्यावर सगळेच असे होते असं मी म्हणणार नाही. चिरीमिरी चालायची, ट्रक तासन् तास अडकायचे, व्यापारी शिव्या घालायचे ते उगाच नाही. मान्य. पण रोज रात्री महापालिकेच्या तिजोरीत रोख पैसे पडायचे, आणि त्यासाठी कुणाच्या दारात उभं राहावं लागत नव्हतं.

मग आमच्याकडे 1 एप्रिल 2013 पासून जकात गेली, तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला. बाबांच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते. एलबीटीवर व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली, आंदोलनं केली, आणि 1 ऑगस्ट 2015 ला सरकारने 50 कोटींच्या आतल्या उलाढालीला तो माफ करून टाकला. म्हणजे जवळजवळ सगळ्यांनाच. उरलासुरला 1 जुलै 2017 ला जीएसटीत गेला. त्याच दिवशी मुंबईची जकातही गेली, मुलुंड, दहिसर, मानखुर्दचे नाके ओस पडले. देशातल्या सगळ्यात श्रीमंत महापालिकेचा सगळ्यात मोठा उत्पन्नाचा झरा एका रात्रीत आटला.

बदल्यात राज्य सरकार भरपाई देतं. 2016-17 चं उत्पन्न धरायचं आणि दरवर्षी आठ टक्के वाढवायचं, असा कायदाच आहे. पैसे येतात, नाही म्हणत नाही. पण कमावणं वेगळं आणि महिन्याच्या महिन्याला पाकिटाची वाट बघणं वेगळं. शहर काही दरवर्षी ठरवून आठ टक्केच वाढत नाही. पुण्यात 2017 ला 11 गावं आली, 2021 ला आणखी 23. त्यांना पाणी द्यायचं, ड्रेनेज टाकायचं, कचरा उचलायचा.

मग शहराच्या हातात स्वतःचं म्हणून उरलं काय? घरपट्टी, म्हणजेच मिळकतकर. एवढा एकच हुकमी पत्ता. आणि तोच आपण असा उधळतो!

मुंबईत 2022 मध्ये 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला. घोषणा राज्याची, खड्डा पालिकेच्या तिजोरीत. पुण्यात राहत्या घराची 40 टक्के सवलत 1970 पासूनची. मध्ये काढली, बोंबाबोंब झाली, 2023 ला परत दिली. (होय, माझ्या पुण्याच्या फ्लॅटला मीही ती घेतो. त्यासाठीचा पीटी-3 चा फॉर्म मी स्वतः भरलाय. घ्या, मारा मला.)

आता या अभय योजनेचा हिशेब करून बघा. शास्ती महिन्याला दोन टक्के, म्हणजे वर्षाला चोवीस. त्यातले पंचाहत्तर टक्के माफ. उरले सहा. वर्षाला सहा टक्के! मला गृहकर्ज या दराने कुठली बँक देईल? पुणे महापालिकेने 2017 मध्ये पाणी योजनेसाठी 200 कोटींचे रोखे काढले, ते 7.59 टक्क्यांनी. म्हणजे महापालिकांनी नळाच्या पाण्यासाठी साडेसात टक्क्यांनी पैसे उचलायचे आणि थकबाकीदाराला सहा टक्क्यांनी वापरायला द्यायचे. वर गुलाबाचं फूल.

थकबाकीदार शेवटी माझ्यापेक्षा जास्तच भरतो, हे खरं आहे. आणि काहीच न येण्यापेक्षा एवढं तरी येतं, हेही खरं. पण दर दोन-तीन वर्षांनी योजना येणार हे शेंबड्या पोरालाही कळलं की मुदतीत भरायचं कुणी? बाबांसारख्यांनी.

आणि अंदाजपत्रक दरवर्षी 'शिलकी'! 'कोणतीही करवाढ नाही' म्हणून बाकं वाजतात. जमेच्या बाजूला थकबाकी वसुलीचा एक जाडजूड आकडा लिहायचा, की जमाखर्च जुळला. वसुली निम्मीसुद्धा होत नाही. मग दिवाळीनंतर कात्री. पहिल्यांदा वाचनालय, मग शाळेची दुरुस्ती, मग नोकरभरती. पूल मात्र कापत नाहीत. ठेकेदारांची बिलं पुढच्या वर्षावर ढकलायची, त्याला 'दायित्व' म्हणायचं. आमच्या वॉर्डातलं वाचनालय संध्याकाळचं बंद झालं, कारण ग्रंथपाल निवृत्त झाल्या आणि जागा भरलीच नाही. बाबांची पेन्शन या महिन्यात 19 तारखेला जमा झाली. त्यासाठी योजना नाही, मांडव नाही.

काय करायचं विचाराल तर नवीन काही सांगत नाही. ज्या मिळकतींची नोंदच नाही त्या शोधा. महापालिकेचे गाळे वीस वर्षांपूर्वीच्या भाड्याने वापरतायत त्यांना बाजारभाव लावा. बिल्डरांकडून येणारं शुल्क आज आहे, उद्या मंदी आली की नाही, त्यावर पगार काढू नका. आणि घरपट्टी दरवर्षी थोडी थोडी वाढवा. होय, माझीही. शिव्या खा. बाबांनी मेव्हण्याकडून 180 रुपये घेताना खाल्ल्या होत्या.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. मांडवातली ती मुलगी, फूल देणारी, कंत्राटी असणार. दिवसभर उन्हात उभी होती. बाबांनी रांगेतून बाहेर येऊन तिला खुर्ची नेऊन दिली. तिने हातातलं एक फूल त्यांना देऊ केलं. "आमची थकबाकी नाही," म्हणून त्यांनी घेतलं नाही.

सर्व्हर शेवटपर्यंत आला नाही. "उद्या या काका." उद्या दहाला बाबा एकटे रिक्षाने जाणार आहेत.

हे सगळं लिहीत असताना मामाचा फोन आला. दुकानाच्या गाळ्याची सहा वर्षांची घरपट्टी राहिलीय म्हणे. "ती योजना कधीपर्यंत आहे रे?"

मामा, तू फेसबुकवर आहेस, हे वाचशीलच. 31 मार्चपर्यंत आहे. दुपारनंतर ये, तोपर्यंत बाबा घरी आलेले असतील. मी त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.