ओढ्याचं सुशोभीकरण: घरबसल्या शिका

घाटातून उतरणारा, खळाळता, स्वच्छ ओढा तुमच्या गावाला लाभला असेल तर घाबरू नका. त्यावर उपाय आहे. परवाच एका ओढ्याच्या सुशोभीकरणाचा नारळ फुटला. तिथली कृती जशीच्या तशी देतो.

काम पावसाच्या तोंडावर काढावं. उकरलेली माती पहिल्याच पुरात खाली जाते आणि पुढच्या वर्षी गाळ काढायचंही काम निघतं.

काठाची वाळुंज, करंज, जांभूळ आधी तोडावीत. पालापाचोळा पडून पाणी 'घाण' होतं ना! तो पाला खाऊन निम्मा ओढा जगतो, हे कोणाला सांगू नये. सावली गेली की पाणी तापतं. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. फरक किरकोळ आहे, तुम्ही पाण्याखाली राहत नसाल तर.

मग पोकलेन थेट पात्रात उतरवून गोटे उचलावेत. गोट्यांखाली काय असतं, असं कोणी विचारलंच तर 'किडे' म्हणावं. मेफ्लाय या उडत्या कीटकाची पिल्लं तिथे दगडाला चपटी चिकटून पोटाच्या कडेच्या कल्ल्यांनी श्वास घेतात. कॅडिसफ्लाय या दुसऱ्या कीटकाच्या अळ्या रेशमाने वाळूचे कण सांधून स्वतःपुरतं घर बांधतात. विनानिविदा बांधकाम, तेव्हा पाडायला हरकत नाही. खळाळात पाणी दगडांवर आपटून हवा घेतं आणि ती हवा गोट्यांच्या फटींत पोचते, म्हणून ही वस्ती. फटींत गाळ बसला की कल्ले लिंपले जातात. त्यातूनही कोणी वाचलं तर ओलं सिमेंट आहेच, त्यातला चुना उतरला की साचल्या पाण्याचा सामू (पीएच; सात म्हणजे ना आम्ल ना अल्क) अकरा-बारावर जातो. बरं, भिंती बांधल्या, बांधा. पण तळाला काँक्रीट? तळाला? ज्या तळातून झरे वर येतात आणि पाणी विहिरींकडे मुरतं, तो तळच लिंपायचा आणि फेब्रुवारीत टँकरचा अर्ज घेऊन तालुक्याला जायचं! हा हिशेब कोणत्या शाळेत शिकवतात?

असो. उपरोध चालू होता.

धबधब्याखाली शाम्पू जरूर लावावा. पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण मोडला की त्यावर पळणारे निवळी किडे बुडतात, बघायला गंमत वाटते.

भिंतीआड पाणी साचून डास झाले की गप्पी मासे सोडावेत. हे दक्षिण अमेरिकेचे पाहुणे इथल्या माशांची अंडी-पिल्लंही खातात. डासांच्या अळ्या फुकटात खाणारी चतुरांची पिल्लं तुम्ही आधीच गोट्यांबरोबर डंपरमध्ये भरली आहेत.

शेवटी बाटलीभर पाणी तपासायला पाठवावं. बाटली त्या दिवसापुरतं बोलते. मागच्या कित्येक महिन्यांचं सांगतात ते किडे, आणि ते बाटलीत येत नाहीत.

नाही, आता सरळच बोलतो. अर्धा मिलिमीटर भोकांची जाळी प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरायची, वरच्या बाजूचे गोटे तीन मिनिटं पायाने ढवळायचे, जमलेलं पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं. सापडलेल्या किड्यांवरून पाणी जोखायची, ब्रिटनहून आलेली, आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही घेतलेली गुणपद्धत आहे: स्वच्छ पाण्यातच टिकणाऱ्या स्टोनफ्लाय किड्याला १० गुण, सांडपाण्यातही तगणाऱ्या लाल अळ्यांना २. पाऊण तासाचं काम. एवढंही न करता अंदाजपत्रकावर सह्या ठोकता, फीत कापता, फोटो काढता आणि वर त्याला 'नदी पुनरुज्जीवन' म्हणता? जिवंत ओढा होता तो! पुढच्या ओढ्यावर पोकलेन नेण्याआधी वाकून एक गोटा उलटा करून बघा. आणि बघून झाला की होता तसाच, त्याच जागी ठेवा.